अनुभव धागा: ऑनलाइन काय नेलंत, फळ्यावरच काय ठेवलंत?

धागाकर्ता (वाणिज्य, सोलापूर शहर)

नॅकची, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या समितीची, तारीख जवळ आली की आमच्या स्टाफरूममध्ये एकच वाक्य फिरतं, "सर, एलएमएसचे स्क्रीनशॉट द्या." (एलएमएस म्हणजे ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर, मूडल किंवा गुगल क्लासरूमसारखं.) २०२० साली अडलं म्हणून सगळेच ऑनलाइन गेलो, ते ठीक. आता वर्ग भरतात, फळा आहे, पोरं समोर आहेत. मग ऑनलाइन काय ठेवायचं आणि कशासाठी, हे कुणी बसून ठरवलंय का? मूडल बरं की गुगल क्लासरूम, हा वाद चहाच्या टपरीवर घालू. इथे तुम्ही काय केलंत आणि कुठे फसलात, तेवढं लिहा.

आधी माझं. सहा पेपरांचे सगळे पीपीटी मी एका क्लासरूममध्ये ओतले. टीवायच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, एका मुलाने विचारलं, "सर, यातलं नेमकं वाचायचं काय?" मला सांगता येईना.

ब्युरेटवाली (रसायनशास्त्र)

मी पाऊण-पाऊण तासाची व्हिडिओ लेक्चरं केली होती. घरात पंखा बंद करून, एप्रिलमध्ये, सोलापुरात! कुणी शेवटपर्यंत पाहिली नाहीत. चौकशी केली तर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, फोन मम्मीचा आहे. ती बिड्या देऊन आली की रात्री मिळतो, तोवर डेटा संपलेला असतो." त्या दिवशी रेकॉर्डिंग बंद केलं.

मग उलटा विचार केला की माझा वेळ वाया कुठे जातो? प्रॅक्टिकलला. टायट्रेशन करायला पोरं यायची आणि पहिला अर्धा तास मी सूत्रच सांगत बसायचे. मूडलमध्ये 'कॅल्क्युलेटेड' नावाचा प्रश्नप्रकार आहे. त्यात गणित एकच, पण आकडे प्रत्येकाला वेगळे येतात. एकाला ०.१ मोलर आम्लाचे १० मिली आणि ब्युरेटचं रीडिंग १२.५, म्हणजे अल्कली ०.०८ मोलर. शेजारच्याचं उत्तर दुसरंच. त्यामुळे व्हॉट्सॲपवर उत्तर फिरवून उपयोग नाही, फिरवायची तर रीतच फिरवावी लागते, आणि ती फिरली तर मला हवंच आहे! पाचातली चार बरोबर आली की त्या दिवसाची प्रयोगाची शीट उघडते, तशी अट घालून ठेवलीय. कितीही वेळा सोडवा, मार्क नाहीत.

रंग फिका गुलाबी झाला की थांबायचं, हे मात्र व्हिडिओत दाखवत नाही. ते हाताला कळावं लागतं. चार जणांचे फ्लास्क गडद होतात तेव्हाच पाचव्याचा हात थांबतो.

एक चूक झाली. पहिली क्विझ गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात ठेवली होती. संक्रांत, सिद्धरामेश्वरांच्या काठ्या आणि माझी मुदत. फक्त तिघांनी सोडवली.

चार पुतळा (इतिहास)

१९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ शिकवताना मी विचारायचो, "बोला, तुमच्या घरात कुणी काही सांगतं का?" हात वर करणारे तेच तिघे. आमच्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी, कन्नड बोलणारी, उर्दू बोलणारी मुलं आहेत. लिहायला सांगितलं तर मराठी चुकेल म्हणून गप्प बसतात.

मूडलच्या चर्चेत एक सोय आहे. आपलं उत्तर टाकल्याशिवाय दुसऱ्याचं दिसत नाही. ती लावली आणि बोलून टाइप करायची मोकळीक दिली. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे आणि सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली, हे पुस्तकात आहेच. प्रश्न ठेवला, तुमच्या आजीला त्या चौघांपैकी कोण ठाऊक आहे आणि ती काय सांगते? वर्गात वर्षभर तोंड न उघडलेल्या मुलीने दीड पान लिहिलं, आजीच्या तेलुगूतल्या चार ओळींसकट. पुढचा तास मी तिच्याच उत्तरावरून सुरू केला. ऑनलाइनचं वर्गात आणलं नाही तर पोरं दुसऱ्यांदा लिहीत नाहीत, हे मला आधीच्या वर्षी कळलं होतं. तेव्हा चाळीस उत्तरं आली आणि मी एकही वाचलं नव्हतं.

मोहोळ पॅसेंजर

रिटायरमेंटला दोन वर्षं. ग्रुपवर जुन्या प्रश्नपत्रिका टाकतो, हलक्या पीडीएफ, एसटीतही उघडतात. बाकी फळा. प्रश्नपेढी बनवायला लागणारे तास वर्कलोडमध्ये कुणी धरत नाही, तेही लिहा की कुणीतरी.

क्रेडिटची कटकट (अर्थशास्त्र)

'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलबद्दल लिहिते. २०१६ च्या यूजीसी नियमात सत्रातले २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून घेता यायचे, २०२१ मध्ये ते ४० टक्के झाले. मी उत्साहात वर्गाला नावनोंदणी करायला लावली. नोंदणी फुकट असते, पण परीक्षेचा फॉर्म वेगळा, फी वेगळी, मुदतही वेगळी. निम्मा वर्ग व्हिडिओ पाहून खूश राहिला आणि फॉर्मची तारीख गेली. दोष माझाच. आता सत्र सुरू व्हायच्या आधी कोणता कोर्स आमच्या कोणत्या पेपरच्या बदल्यात चालेल ते लेखी मंजूर करून घेते, आणि फॉर्म वर्गातच बसून भरून घेते. विषय मी शिकवत नाही, पण आठवड्यातला एक तास त्याच्यासाठी राखलाय. "तो कोर्स ऑनलाइन आहे ना, मग तुमचा तास कशाला?" असं विचारणारे भेटतात. त्यांना एकदा त्या तासाला बसवायचंय.

सीएचबीवाला

मी तासिका तत्त्वावर (सीएचबी), म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर. एका कॉलेजात दोन वर्षं खपून तीनशे प्रश्नांची पेढी केली, कॉलेजच्या आयडीवर. जूनमध्ये नेमणुकीची ऑर्डर निघाली नाही आणि आयडी बंद झाला. प्रश्नही गेले. कुणाला म्हणणार? मूडलमध्ये पूर्ण कोर्सचा बॅकअप एका फाइलमध्ये उतरवता येतो, हे मला नंतर कळलं. आता दर परीक्षेनंतर उतरवतो आणि दोन ठिकाणी ठेवतो. मॅडम, तुमचे कॅल्क्युलेटेड प्रश्न मिळतील का? ते तीनशेही रसायनशास्त्राचेच होते.

ब्युरेटवाली

मिळतील की. मंगळवारी तीननंतर प्रॅक्टिकल नसतं, डिपार्टमेंटला या, पेनड्राइव्ह आणा. नॉर्मॅलिटीचे प्रश्न अजून नीट नाहीत, ते तुम्हीच दुरुस्त करा.

धागाकर्ता

मोहोळ सर, वर्कलोडचा मुद्दा विभागाच्या बैठकीत लेखी मांडतोय, सही कराल ना? आणि माझे सहा पेपरांचे पीपीटी काल काढून टाकले. आता क्लासरूममध्ये फक्त ताळेबंदाची दहा गणितं आहेत.

मोहोळ पॅसेंजर

सही करतो. पीपीटी नॅक झाल्यावर काढायचे होते, मालक.