लॉनवर मक्याचं ग्लुटेन टाकलं, आता पेरलेलं गवतच उगवेना

आयोवाकर
एप्रिलमध्ये घरापुढच्या लॉनवर, तणाचं बी रुजू नये म्हणून, कॉर्न ग्लुटेन मील (मक्यातल्या प्रथिनांचं पीठ) पसरलं. गेल्या वर्षी क्रॅबग्रास या तणानं वात आणला होता आणि दोन वर्षांची पोर तिथेच लोळते, म्हणून रासायनिक तणनाशक नको होतं. पिवळंधमक पीठ, वास थेट गोठ्यातला. इकडे आलेले बाबा पोत्यात हात घालून म्हणाले, "अरे, गाईच्या तोंडचं मातीत काय घालतोस?"

क्रॅबग्रास खरंच कमी आहे. पण हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकतात त्या मिठानं जळालेल्या कडेला त्याच आठवड्यात गवताचं बी पेरलं होतं. दोन दिवस पाणी मारलं, मग राहून गेलं. आज अडीच आठवडे झाले, एक पातं नाही. बी खराब की ग्लुटेनचा प्रताप? शिवाय अर्धं पोतं उरलंय. शेजारणीच्या कोंबड्यांना चालेल का?

माळीबुवा
ग्लुटेनचाच प्रताप. त्याला तुमचं बी आणि तणाचं बी यातला फरक कळत नाही. कोंब फुटतो, मूळ धरत नाही, वरची माती सुकली की खेळ खलास. हा शोध तुमच्याच आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीतला. १९८५च्या सुमारास तिथले संशोधक निक क्रिश्चन्स गवतावरच्या बुरशीचा अभ्यास करत होते. बुरशी वाढवायला मक्याचं पीठ घेतलं, तर त्यात गवताचं बीच तग धरेना! पुढे ग्लुटेन जास्त प्रभावी दिसलं आणि १९९१ला पेटंट मिळालं.

पेरायचं तर दीड महिना थांबा. आणि रुजलेल्या तणाला यानं काही होत नाही, उलट ते पोसतं. नत्र दहा टक्क्यांच्या आसपास. हजार चौरस फुटांना २० पौंड टाकलंत तर दोन पौंड नत्र गेलं, तेव्हा वर आणखी युरिया नको.

गोठ्यावरून
बाबांचं बरोबर आहे. माझ्याकडे चौदा दुभती जनावरं, संगमनेरकडे. स्टार्च कारखान्यात मका भिजवून दळतात, त्यात दाण्यातला अंकुर, कोंडा, स्टार्च आणि ग्लुटेन वेगळं होतं. ग्लुटेन मीलमध्ये प्रथिनं ६० टक्के. कोंडा आणि मका भिजवलेल्या पाण्याचा अर्क मिळून होतं ते ग्लुटेन फीड, त्यात २०च्या आसपास. नावं सारखी, म्हणून मी एकदा फसलो. एका व्यापाऱ्यानं 'ग्लुटेन' म्हणून फीड दिलं, भाव मात्र मीलचा लावला. दूध आठवड्यात उतरलं तेव्हा पोत्याची चिठ्ठी वाचली. तेव्हापासून चिठ्ठी आधी, पैसे नंतर.

कोंबड्यांना चालतं, बलक मस्त पिवळा येतो. पण लायसिन (प्रथिनातला एक गरजेचा घटक) कमी, नुसत्या त्याच्यावर भागत नाही, सोयापेंड लागतेच. तुमचं पोतं लॉनसाठी विकलेलं, त्यात दुसरं काही मिसळलंय का ते बघा. ओल लागून गोळे झाले असतील तर कोणालाच घालू नका, बुरशीचं विष नुसतं चाळून जात नाही.

आयोवाकर
आत्ता चमच्यानं उकरलं. पांढरे कोंब आहेत, दोरा तुटल्यासारखे, खाली मूळ नाही. पोत्याच्या तळाला लिंबाएवढे दोन गोळे निघाले, कोंबड्यांचा बेत रद्द. बाबांना सांगितलं तर म्हणे, "म्हणजे मातीतच घालायचं होतं."