मदत हवी आहे: जानेवारीत व्हिएन्ना-बुडापेस्ट, चौघांच्या बॅगा कशा भरायच्या?

रेवा_कोथरूड:
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात व्हिएन्ना (४ रात्री) आणि बुडापेस्ट (४ रात्री) ठरलंय. मी, नवरा, १५ वर्षांची लेक आणि सासूबाई (वय ६८, मधुमेह, इन्सुलिन चालू). विमान मुंबईहून दुबईमार्गे, माणशी २३ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातलं. व्हिएन्नाहून पुढे रेल्वेने. दिवसभर पायी आणि ट्रामने फिरणार, संग्रहालयं बघणार, बुडापेस्टला एक दिवस गरम पाण्याच्या कुंडांत. डोंगरावर बर्फात जायचं नाहीये.
जॅकेट किती जाड घ्यावं? स्पोर्ट्स शूजवर भागेल का? खायचं काय नेता येतं? आणि सासूबाई साडीच नेसतात, त्यांचं काय करावं?

उत्तरवारा:
आधी हवा कशी असते ते बघा, बाकीचं त्यावरून ठरतं. दोन्ही शहरांत जानेवारीत दुपारी साधारण २ ते ४ अंश, रात्री उणे २-३. थंडीची लाट आली तर उणे १०. म्हणजे पारा शून्याच्या आसपासच घुटमळतो. पडलेला बर्फ दुपारी वितळून चिखल होतो, रात्री पुन्हा गोठतो. कोरड्या उणे १० पेक्षा हा ओला शून्य जास्त छळतो, कारण पाय आणि कपडे भिजतात. त्यात शहरात दिवसभर आत-बाहेर चालू असतं. ट्राम, दुकानं, संग्रहालयं, सगळीकडे हीटिंग, आत २०-२२ अंश. त्यामुळे एकच अगडबंब जॅकेट आणि आत टी-शर्ट हा बेत फसतो. आत घामाघूम, बाहेर कुडकुड.

अंगालगत थर्मल, मेरिनो लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं. त्याच्या आत सुती बनियन नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि बाहेर पडल्यावर तेच ओलं कापड अंग गार करतं. थर्मल अंगाला बेताचं घट्ट हवं. माणशी वरचे ३, खालचे २ पुरतात. त्यावर फ्लीस (लोकरीसारखं मऊ, हलकं सिंथेटिक कापड) किंवा लोकरी स्वेटर, पण पुढून चेन असलेला. डोक्यातून काढायचा स्वेटर गर्दीच्या ट्राममध्ये काढवत नाही. सगळ्यांत वर मांडीपर्यंत येणारं, टोपी असलेलं एकच जॅकेट.

पिसांचं जॅकेट वजनाला हलकं आणि भरपूर ऊबदार, पण भिजलं की पिसं गोळा होतात आणि ऊब जाते. वरचं कापड पाणी अडवणारं असेल तरच ते घ्या, नाहीतर सिंथेटिक भरणाचं घ्या. दुकानात थर्मल आणि फ्लीस अंगात असतानाच जॅकेट घालून दोन्ही हात वर करून बघा. खांद्यात ताणलं तर भरण दबतं आणि नेमकं तिथेच गार लागतं.

जीन्स नेऊ नका. भिजली की जड होते आणि लवकर वाळत नाही. आतून फ्लीस असलेली ट्रेकिंग पँट माणशी २.

खडीवाट:
जॅकेटवर सगळे खर्च करतात आणि बुटांवर वाचवतात. व्हायला हवं उलटं. जाळीचे स्पोर्ट्स शूज या चिखलात अर्ध्या तासात आतून ओले होतात, आणि पाय ओले झाले की वर कितीही घाला, हुडहुडी थांबत नाही.

घोट्याच्या वरपर्यंत येणारे, आतून वॉटरप्रूफ अस्तराचे बूट घ्या. तळ मऊ रबराचा हवा, खाचा ४-५ मिलिमीटर खोल. स्वस्तातल्या बुटांचा प्लॅस्टिकसारखा तळ थंडीत कडक होतो आणि बर्फाच्या पातळ थरावर सटकतो. माप नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठं. जाड लोकरी मोजा घातल्यावर बोटं आत हलली पाहिजेत. घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबले तर रक्तप्रवाह दबतो आणि पाय जास्तच गारठतात. एक लोकरी मोजा पुरे, माणशी ४ जोड. आणि निघायच्या तीन आठवडे आधीपासून रोज तासभर ते बूट घालून चाला. नवेकोरे बूट फोड आणतात.

तिथे रस्त्यांवर खडी आणि मीठ टाकतात. मिठाचे पांढरे डाग चामडं खातात, म्हणून रोज रात्री ओल्या फडक्याने पुसून घ्या. बूट भिजले तर रेडिएटरला टेकवू नका, तळाचा डिंक सुटतो. आत वर्तमानपत्र कोंबा आणि दोन तासांनी बदला.

रेवा_कोथरूड:
खूपच उपयोगी, दोघांचेही आभार. साडीचं कुणी सांगेल का? सासूबाई पंजाबी ड्रेसला तयार नाहीत.

माजघर:
रेवाताई, साडी जमते, फक्त परकराच्या आतली तयारी पक्की हवी. थर्मल लेगिंग, त्यावर आतून फ्लीस असलेली दुसरी लेगिंग, मग परकर. पायांची ऊब या दोन थरांवर असते, साडीवर नाही. साडी सिंथेटिक किंवा लोकरमिश्रित. सुती साडीचा काठ चिखल शोषून वरपर्यंत ओला होतो. नेसताना घोट्याच्या चार बोटं वर, निऱ्या मोठ्या पिनेने पक्क्या. मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर निऱ्या हातात धरायलाच हव्यात. ब्लाउजऐवजी पूर्ण बाह्यांचं, बंद गळ्याचं थर्मल घातलं तर पोट आणि पाठ झाकली जाते. वरून गुडघ्यापर्यंतचा कोट.

टोपी कान झाकणारी हवी. आपली माकडटोपी वाऱ्यात फारच कामाची आहे, त्यांना लाजू देऊ नका. व्हिएन्नात वारा जोरदार असतो, छत्री उलटी होते. ती घरीच ठेवा. हातमोजे वारा अडवणारे, आणि त्यांच्या आत पातळ टचस्क्रीनचे, म्हणजे फोनसाठी हात उघडा पडत नाही.

हीटिंगमुळे आतली हवा अगदी कोरडी असते. ओठांना व्हॅसलीन, नाकासाठी सलाइनचे थेंब, अंगाला घट्ट क्रीम. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, बाटलीतून निघणार नाही.

चेकइन_काउंटर:
खाण्याचं. युरोपियन युनियनमध्ये भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातूनही नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, पनीर घरीच. ताजी फळंभाज्याही जवळपास सगळ्या बंद, कढीपत्ता आणि लिंबं धरून. थालीपीठाची भाजणी, मेतकूट, लसणाची कोरडी चटणी, चिवडा, खाकरा चालतं, दुहेरी पिशवीत सील करून.

तुमचं विमान दुबईमार्गे आहे म्हणून वेगळं लिहितोय: खसखस नको. अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. अनारसे, खसखस घातलेला घरचा मसाला, सगळं तपासा. कोडीन किंवा ट्रामाडोल असलेली खोकल्या-दुखण्याची औषधंही तिथे नियंत्रित आहेत, ती पिशवीत नकोत.

व्हॅक्यूम पिशव्यांनी जागा वाचते, वजन नाही. घरच्या काट्यावर प्रत्येक बॅग २० किलोच्या आत ठेवा, परतीची खरेदी त्यात बसते. बूट पायात, जॅकेट हातावर. विमानतळावर जॅकेटचे खिसे म्हणजे जादा जागा. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत, १०० वॅट-अवरच्या आतली (२०,००० एमएएचची साधारण ७४ भरते). आपला दोन बारीक पिनांचा चार्जर तिथे बसतो, तीन पिनांचा बसत नाही. एक अ‍ॅडॉप्टर पुरे.

साखरपाणी:
सासूबाईंच्या औषधांबद्दल. इन्सुलिन चेक-इनमध्ये टाकायचंच नाही. सामानकक्षात ते गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामी असतं. दोन वेगवेगळ्या हातबॅगांत निम्मं-निम्मं ठेवा, दुप्पट साठा न्या. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी घ्या, तीत औषधाचं जेनेरिक नाव असू द्या. बाहेर फिरताना इन्सुलिनचं पेन जॅकेटच्या आतल्या, अंगाजवळच्या खिशात. ग्लुकोमीटरही तिथेच, गार पडला की एरर दाखवतो. बोटं गारठली की रक्ताचा थेंब येत नाही, आधी हात चोळून गरम करा.

गरम कुंडात उतरायच्या आधी डॉक्टरांना नक्की विचारा. उष्णतेने इन्सुलिन लवकर शोषलं जातं आणि साखर झपकन उतरू शकते. काठावर ग्लुकोज आणि कुणीतरी सोबत हवं. पायांची संवेदना कमी असेल तर पाणी किती गरम आहे हेही कळत नाही.

खडीवाट:
कुंडांसाठी: बुडापेस्टच्या सेचेनी स्नानगृहाची बाहेरची कुंडं २७ ते ३८ अंशांची आहेत, पण कपडे बदलायच्या खोलीपासून पाण्यापर्यंत ओल्या अंगाने गारठ्यात चालावं लागतं. रबरी चपला, मोठा टॉवेल आणि पोहण्याचा पोशाख प्रत्येकाचा वेगळा. पोहायच्या तलावात टोपी सक्तीची असते. ओल्या कपड्यांना झिपची पिशवी. निघायच्या आधी केस पूर्ण वाळवा, नाहीतर ट्रामच्या थांब्यावर गोठतील.

रेवा_कोथरूड:
एक शेवटचं: काही राहिलंच तर तिथे घेता येईल ना? आम्ही रविवारी पहाटे पोचतोय.

चेकइन_काउंटर:
रविवारी व्हिएन्नात दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनांवरची उघडी सापडतात, पण तिथे बूट आणि थर्मलच्या भरवशावर राहू नका. पहिल्या दिवशी लागणारं सगळं, थर्मल, मोजे, टोपी, हातमोजे, चौघांचं हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन बॅग दुबईत अडकली तरी तो दिवस निघतो. सोमवारी हवं ते घ्या. जानेवारीत हिवाळी सेल असतो, फ्लीस आणि टोप्या स्वस्त मिळतात.

आणि रेल्वेसाठी: फलाटावर हमाल नसतात, बॅग स्वतःच डब्यात चढवावी लागते. सासूबाईंना वेगळी मोठी बॅग देऊ नका, त्यांचं सामान तुमच्या तिघांत वाटून टाका. दगडी फरशीवर आणि खडीत चार छोट्या चाकांची बॅग अडते, दोन मोठ्या चाकांची घ्या.