ताणामुळं अंगात येणारा ताप: नेमका शब्द कोणता?

शाहूपुरीकर (विचारणा)

कोल्हापुरातल्या ओपीडीत वाटायच्या एका पानी पत्रकाचं मराठी करायचं आहे. विषय असा: तपासण्या स्वच्छ येतात, अंगात ताप मात्र राहतो, आणि त्यामागं मानसिक ताण असू शकतो. मूळ संज्ञा ‘सायकोजेनिक फीवर’. मसुद्यात ‘मानसिक ताप’, ‘मनोजन्य ज्वर’ आणि ‘अकारण ताप’ असे तीन शब्द आळीपाळीनं आलेत. वाचणारे कागल, गडहिंग्लज, शिरोळकडून येणारे. कुठला ठेवावा? आणि मुळात ताणानं ताप खरोखर चढतो, की नुसता चढल्यासारखा वाटतो? शब्द त्यावरच ठरेल.

राजारामपुरी, फिजिशियन

खरोखर चढतो. थर्मामीटरवर दिसतो. जपानमधले डॉक्टर ताकाकाझु ओका यांनी 2015 साली या विषयाचा सविस्तर आढावा घेतला, त्यात दोन तऱ्हा दिल्यात. काहींना मनावर आघात करणारा प्रसंग समोर आला की एकदम जोराचा ताप भरतो, तो क्वचित 41 सेल्सिअसपर्यंतही जातो. काहींना महिनोन्‌महिने 37 ते 38 च्या दरम्यान बारीक ताप राहतो, म्हणजे आपल्या भाषेत नव्याण्णव ते शंभर फॅरनहाइट.

जंतुसंसर्गात पांढऱ्या पेशींतून सायटोकाइन नावाची निरोप्या प्रथिनं सुटतात, त्यांच्यामुळं मेंदूत प्रोस्टाग्लँडिन ई-2 हे रसायन तयार होतं आणि हायपोथॅलॅमस, म्हणजे तापमान सांभाळणारा मेंदूचा भाग, शरीराचं ठरलेलं तापमानच वर नेऊन ठेवतो. पॅरासिटामॉल हे प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, म्हणून ताप उतरतो. ताणाचा रस्ता वेगळा आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की ताणाचा निरोप हायपोथॅलॅमसमधून मेंदूच्या बुंध्यात आणि तिथून सिंपथेटिक (आपल्या इच्छेशिवाय चालणाऱ्या) नसांवाटे तपकिरी चरबीपर्यंत जातो. ही चरबी उष्णता निर्माण करते, त्याच वेळी कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि उष्णता बाहेर पडायची थांबते. भावनेशी संबंधित मेंदूचा भाग या साखळीला कुठं जोडला जातो, हे नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 साली दाखवलं. या वाटेवर प्रोस्टाग्लँडिनचा संबंध नसल्यामुळं पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही.

ही ओळ पत्रकात ठळक घ्या. ताप उतरत नाही म्हणून लोक गोळ्या वाढवतात. 650 मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या म्हणजे 3.9 ग्रॅम. धडधाकट माणसाची दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम, आणि वजन कमी असेल, दारूची सवय असेल किंवा यकृताचा आजार असेल तर मर्यादा त्याच्याही खाली. त्यात सर्दीची गोळी घेतली तर तिच्यातही बहुधा पॅरासिटामॉल असतंच. यकृत खराब व्हायला एवढं पुरतं.

उलट अर्थ मात्र कुणी काढू नये. गोळीनं ताप उतरला नाही म्हणून तो ताणाचा, असं होत नाही. टायफॉइडचा तापही पुष्कळदा गोळीला नीट दाद देत नाही.

मंगळवार पेठ, वैद्य

‘मनोजन्य ज्वर’ नव्यानं घडवायची गरज नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात तिसऱ्या अध्यायात आगंतु, म्हणजे बाहेरच्या कारणानं येणाऱ्या ज्वराचे चार प्रकार आहेत: अभिघात (मार लागणं), अभिषंग, अभिचार (जादूटोणा) आणि अभिशाप (शाप). त्यातला अभिषंग म्हणजे ‘कामशोकभयक्रोधैरभिषक्तस्य यो ज्वरः’. काम, शोक, भय आणि क्रोध यांनी घेरलेल्या माणसाचा ज्वर. पुढं दोषही सांगितलेत: काम, शोक, भय यांनी वायू बिघडतो, क्रोधानं पित्त. ज्वराचं वर्णनच ‘देहेन्द्रियमनस्तापी’ असं आहे, म्हणजे देह, इंद्रियं आणि मन तिन्ही तापवणारा. मनाच्या तापाची लक्षणं वेगळी दिलीत: वैचित्त्य (चित्त थाऱ्यावर नसणं), अरति (कशातच मन न लागणं), ग्लानी. उपायही पहा, ‘आश्वासेनेष्टलाभेन वायोः प्रशमनेन च’, म्हणजे धीर देणं, हवं ते मिळणं आणि वायू शमवणं. आश्वासन पहिलं आलंय. ‘अभिषंगज ज्वर’ हा शब्द तयार असताना तो का सोडायचा?

राजारामपुरी, फिजिशियन

वैद्यराज, निरीक्षण पक्कं आहे आणि त्याबद्दल आदरही आहे. पण अभिषंगातच भूतबाधेचा तापही मोडतो, आणि शेजारी अभिचार नि अभिशाप आहेत. पत्रकात तो शब्द आला की घरात कुणीतरी त्याच अंगानं अर्थ लावणार, आणि पेशंट दवाखान्याऐवजी अंगारा लावायला नेला जाणार. पाठ्यपुस्तकात तुमचा शब्द जरूर राहावा. इथं नको.

गंगावेस, परिचारिका

पेशंट काय बोलतात ते आधी बघूया, मग शब्द आपोआप सापडेल. आपल्याकडं ‘ताप आलाय’ वेगळं आणि ‘ताप आल्यागत वाटतंय’ वेगळं. पहिल्यात हाताला चटका बसतो. दुसऱ्यात अंग मोडून येतं, डोळे चुरचुरतात, कणकण असते, आणि थर्मामीटर 98.4 दाखवतो. ‘अंगात कसर आहे’ म्हणजे उतरलेल्या तापाचा उरलेला अंश. ‘बारीक ताप’ म्हणजे संध्याकाळी येऊन जाणारा. आणि ‘हाडीताप’ कुणी म्हटलं की टीबीची चौकशी करायचीच.

मनाच्या बाजूलाही असेच शब्द आहेत. ‘धसक्यानं ताप भरला’ हे एकदम झालेल्या प्रकाराला म्हणतात. ‘धास्तीनं झिजली’, ‘काळजीनं पोखरलं’ हे दिवसच्या दिवस चालणाऱ्याला. डॉक्टरांनी ज्या दोन तऱ्हा सांगितल्या, त्या बायकांच्या बोलण्यात आधीपासून वेगळ्या आहेत. ‘मनस्ताप’ मात्र इथं वापरू नका. त्यात कुणीतरी दुसऱ्यानं त्रास दिल्याचा अर्थ आहे, ताप चढल्याचा नाही.

‘मानसिक ताप’ला माझा ठाम विरोध. हा शब्द ऐकला की नातेवाईक लगेच म्हणतात, ‘म्हणजे सोंग करतीय व्हय?’ सोंगाचा ताप ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती ओळखता येते. थर्मामीटर गरम चहात बुडवला की आकडा चढतो, पण नाडी चढत नाही. समोर बसून पुन्हा मोजलं की आकडा नॉर्मल येतो. ताणाच्या तापात आकडा खरा असतो, आणि नाडीही बहुतेक वेळा वाढलेली असते. या माणसाला खोटं ठरवणं म्हणजे त्याचा ताण आणखी वाढवणं.

शाहूपुरीकर

ताई, हे फार कामाचं झालं. म्हणजे ‘मानसिक ताप’ बाद. ‘अकारण ताप’चं काय?

कसबा बावडा, परिभाषा

तोही बाद करा. ‘अकारण’ म्हणजे ज्याला कारणच नाही. आपल्याला म्हणायचंय ‘कारण अजून सापडलेलं नाही’. वैद्यकात ‘फीवर ऑफ अननोन ओरिजिन’ ही संज्ञा पीटर्सडॉर्फ आणि बीसन यांनी 1961 साली मोजमाप देऊन बांधली: 101 फॅरनहाइटच्या वरचा ताप, अनेकदा आलेला, तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला, आणि दवाखान्यात आठवडाभर तपासूनही निदान न झालेला. याला ‘अनिदानित ताप’ म्हणा. ताणाचा ताप हे त्याचं दुसरं नाव नव्हे. तीच गत ‘अनाकलनीय लक्षणं’ या शब्दाची. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं 2013 च्या आपल्या निदानपुस्तिकेत ‘वैद्यकीय कारण सापडत नाही’ ही अट मुख्य निकष म्हणून काढून टाकली, कारण नुसतं कारण न सापडणं हा मानसिक आजाराचा पुरावा होत नाही.

‘मनोजन्य’ व्याकरणानं शुद्ध आहे, पण जन्म मनात झाला असं सांगतो, आणि वाचणारा पुन्हा ‘मनाचे खेळ’वर जातो. ‘ताणजन्य ताप’ हा शब्द कारण सांगतो, आळ घेत नाही. ‘तणाव’पेक्षा ‘ताण’ बरा. तणाव दोन गावांत, दोन गटांतही असतो. कंसात ‘टेन्शनमुळं येणारा ताप’ लिहायलाही हरकत नाही, तो शब्द आता मराठीच आहे.

गंगावेस, परिचारिका

‘ताणजन्य ताप’ला माझी संमती, पण एका अटीवर. हा शब्द पत्रकात शेवटी आला पाहिजे. आधी मोजणं आणि तपासण्या.

मोजण्यात बऱ्याच चुका होतात. काखेत लावायचा तर घाम पुसून, टोक काखेच्या खोल भागात, दंड अंगाशी दाबून. कपड्याची घडी मध्ये आली की आकडा कमी येतो. तोंडात लावायचा तर जिभेखाली बाजूला, ओठ मिटून, आणि चहा किंवा गार पाणी प्यायल्यावर अर्धा तास थांबून. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण एक फॅरनहाइटनं कमी येतो, म्हणून रोज एकाच जागी मोजावा. सकाळी उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी सहाच्या सुमाराला आणि झोपताना, असं दोन आठवडे. शेजारी नाडी, घेतलेली गोळी आणि त्या दिवशी काय घडलं ते लिहायचं. सुट्टीच्या दिवशी आकडा खाली आणि शाळेच्या किंवा कामाच्या दिवशी वर, असा नमुना वहीतच दिसतो, एकदा मोजून कधीच दिसत नाही.

राजारामपुरी, फिजिशियन

त्यात भर: 98.6 हा आकडा दगडावरची रेघ नाही. तो 19 व्या शतकात जर्मनीत वुंडरलिश यांनी रूढ केला. 1992 साली अमेरिकेत निरोगी तरुणांची तोंडातली मोजणी झाली तेव्हा सरासरी 98.2 निघाली आणि वरची हद्द 99.9. पहाटे तापमान कमी, संध्याकाळी जास्त. बायकांत बीज सुटल्यानंतर पाळी येईपर्यंत अर्ध्या ते एक फॅरनहाइटनं वर. म्हणजे संध्याकाळचे 99.2 हा पुष्कळदा ताप नसतोच.

मग तपासण्या: रक्ताची पूर्ण मोजणी, ईएसआर आणि सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या), लघवी, छातीचा एक्स-रे, थायरॉइड, मलेरियाची स्लाइड. ताणजन्य तापात ईएसआर, सीआरपी सहसा नॉर्मल असतात. सीआरपी वाढलेला असेल तर ताणाचं नाव घ्यायची घाई नको. थायरॉइड वाढलेला पेशंट हुबेहूब टेन्शनवाल्यासारखा दिसतो: छातीत धडधड, घाम, हात थरथरणं, झोप नाही, अंग गरम.

आणि आपल्या भागात एक प्रश्न विसरायचा नाही: म्हशीचं कच्चं दूध पिता का? कट्ट्यावरचं धारोष्ण दूध ही कोल्हापूरची आवड, पण न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून येणारा जंतुसंसर्ग होऊ शकतो. त्यात ताप आठवडे-महिने चढत-उतरत राहतो, रात्री घाम फुटतो, सांधे आणि कंबर दुखते, माणूस उदास होतो. नेहमीच्या तपासण्यांत तो सापडत नाही, ब्रुसेलाची रक्तचाचणी मुद्दाम मागावी लागते. गोठ्यात काम करणाऱ्यांत, जनावरांची वीण हाताळणाऱ्यांत तर आधी हेच बघायचं. पावसाळ्यात चिखलात काम झालं असेल तर लेप्टोस्पायरोसिसही (उंदरांच्या, जनावरांच्या लघवीतून पसरणारा ताप). असा पेशंट ‘टेन्शनचा ताप’ म्हणून परत पाठवला तर नुकसान मोठं आहे.

वजन घटणं, दोन आठवड्यांवरचा खोकला, रात्रीचा भिजवणारा घाम, गाठी, मान आखडणं, धाप, अंगावर पुरळ. यातलं काहीही असलं तर ताणाकडं वळायचंच नाही.

मंगळवार पेठ, वैद्य

अभिषंगाचा आग्रह सोडतो. पण उपायात ‘आश्वासन’ राहू द्या. पेशंटला नीट समजावून सांगणं हा औषधाचाच भाग आहे, आणि पत्रकात त्याला एक ओळही नाही.

राजारामपुरी, फिजिशियन

मान्य. ओका यांच्या आढाव्यातही तापाच्या गोळीऐवजी मानसोपचार, चिंता कमी करणारी औषधं आणि शिथिलीकरण यांवर भर आहे. झोप, समुपदेशन, गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडं चिठ्ठी, हे लिहा. सीपीआरमध्ये (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात) मानसोपचार विभाग आहे, तेही लिहा, म्हणजे कुठं जायचं ते कळेल.

शाहूपुरीकर

मसुदा असा होतो: ‘तुमचा ताप खरा आहे. तपासण्यांत जंतू किंवा सूज आढळली नाही. दीर्घकाळच्या ताणामुळंही शरीराचं तापमान वाढू शकतं. याला ताणजन्य ताप म्हणतात. तापाच्या गोळ्या स्वतःहून वाढवू नका. दिवसातून चार वेळा ताप मोजून वहीत लिहा. घाबरू नका.’

गंगावेस, परिचारिका

‘घाबरू नका’ काढा. आधीच धास्तावलेल्याला त्यानं काहीच कळत नाही. तिथं लिहा: ‘दोन आठवड्यांनी वही घेऊन या. ताप 101 च्या वर गेला, वजन घटलं किंवा खोकला सुरू झाला, तर त्याच दिवशी या.’