मदत हवी आहे: उन्हात तापलेली प्रिमितीवो वाइनची बाटली वडिलांसाठी उघडावी का?

नमस्कार. आम्ही चार वर्षांपासून दक्षिण इटलीतील तारांतो येथे राहतो. माहेरी तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीच्या आधी थोडी उसंत मिळते, ती साधून वडील ऑगस्टअखेरीस प्रथमच आमच्याकडे येत आहेत आणि नेमकी त्याच सुमारास इथे प्रिमितीवो या काळ्या द्राक्षाची तोडणी चालू असते. चाळीस वर्षे द्राक्ष पिकवूनही त्यांनी वाइन कधी चाखलेली नाही. त्यांच्या पहिल्या घोटासाठी जी बाटली मी राखून ठेवली होती, तिच्याबाबत माझ्या हातून चूक झाली आहे, म्हणून जाणकारांचा सल्ला हवा आहे.

बाटली 'सेस्सान्तान्नी' या नावाच्या प्रिमितीवो दी मान्दुरियाची, म्हणजे इथल्या मान्दुरिया गावाच्या परिसरातील प्रिमितीवो वाइनची, आहे. ती बनवणारी सान मार्झानो येथील सहकारी संस्था १९६२ साली १९ शेतकऱ्यांनी मिळून सुरू केली. आज तिच्याशी हजाराहून अधिक द्राक्ष उत्पादक जोडलेले आहेत. 'सेस्सान्तान्नी' म्हणजे साठ वर्षे, कारण साधारण तेवढ्या वयाच्या वेलींची द्राक्षे तिच्यासाठी घेतात. या वेलींना मांडव नाही की तार नाही. कमरेएवढे बुटके, पिळवटलेले खोड तांबड्या मातीत स्वतःच्या बळावर उभे असते आणि या पद्धतीला इथे 'आल्बेरेल्लो', म्हणजे छोटे झाड, असे म्हणतात. पूर्वी या भागातील गडद वाइन उत्तरेकडच्या फिक्या वाइनला रंग आणि जोर यावा म्हणून टँकरने पाठवली जाई. पुढे युरोपीय अनुदान घेऊन अनेकांनी अशा जुन्या बागा उपटूनही टाकल्या. ज्या टिकल्या, त्यांच्या मालाला स्वतःच्या गावाचे नाव असलेली बाटली मिळाली, यात अशा संस्थांचा वाटा मोठा आहे. वडिलांना हीच वाइन द्यावी असे मला वाटते, ते त्यामुळेच.

त्यांना दाखवण्यासारखा तर इथला घडच आहे. आमच्याकडे विरळणी करून, मणी एकसारखे फुगवून, साधारण १८ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातील साखरेचे माप) खायचा माल तोडतात. प्रिमितीवोचा घड मात्र एकसारखा पिकतच नाही; एकाच घडात काही मणी सुरकुतून बेदाण्यासारखे होतात, तर काही नुकतेच भरलेले असतात. असा घड आमच्या पॅकहाऊसमध्ये पहिल्याच नजरेत बाजूला पडला असता. इथे त्याच सुकलेल्या मण्यांमुळे वाइनला दाटपणा आणि १४.५ टक्के मद्यार्क येतो. संस्थेत द्राक्षांची ट्रॉली आली की आधी रसाचा नमुना काढून साखर मोजतात, पण 'बाबो' या मापात. आपले २४ ब्रिक्स म्हणजे साधारण २० बाबो. शिवाय नाशिकला लावलेले झिनफँडेल हे वाइनचे द्राक्ष आणि प्रिमितीवो हे एकच वाण आहे, हे द्राक्षवाणांच्या संशोधक कॅरोल मेरेडिथ यांनी कॅलिफोर्नियात १९९०च्या दशकात डीएनए तपासून निश्चित केले. हे ऐकून वडील फोनवर बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मग या वेलीची काडी आपल्याकडं आधीच आलीय की."

आता अडचण. जूनमध्ये मी दोन बाटल्या आणल्या. एक आम्ही तेव्हाच उघडली. रंग जांभळासारखा, वास वाळलेल्या आलुबुखारचा, किंचित कॉफीचा, आणि शेवटी हलकी गोडी. दुसरी जुलैत एका दुपारी पाच-सहा तास गाडीच्या डिकीत राहिली. बाहेर तापमान ३६ अंश होते. घरी आणल्यावर पाहिले, तर बूच तांदळाच्या दाण्याएवढे वर आले होते आणि वरच्या आवरणाखालून एक चिकट, तपकिरी ओघळ गळ्यावर सुकला होता. तेव्हापासून ती थंड, अंधाऱ्या कपाटात आडवी ठेवली आहे.

माझे प्रश्न असे आहेत. ही वाइन खराब झाली असेल का, आणि न उघडता ते कळू शकते का? ती प्यायल्यास प्रकृतीला अपाय होईल का? आणि नवीनच आणायची ठरल्यास ऑगस्टच्या उकाड्यात ती किती थंड करावी, आणि सोबत जेवायला काय करावे?

प्रतिसाद:
नमस्कार ताई. उष्णतेने आतली वाइन प्रसरण पावून बूच वर ढकलते आणि कडेने बाहेर झिरपते. निवल्यावर त्याच वाटेने हवा आत जाते. तुम्ही वर्णन केलेला ओघळ हीच खूण आहे. मद्यार्क आणि आम्लता यांमुळे प्रकृतीला धोका नसतो, परंतु चव बहुधा गेलेली असेल. बाहेरून खात्री होणार नाही, म्हणून वडील येण्याआधी ती स्वतः उघडून पाहा. पेल्याच्या कडेला विटकरी छटा आणि शिजवलेल्या मुरंब्यासारखा वास आला, तर ती त्यांना देऊ नका. त्यांचा हा पहिलाच घोट आहे, मनात तीच चव राहील. नवी बाटली १६ ते १८ अंशांवर द्या. घरात तीस अंश असतील, तर अर्धा तास फ्रिजमध्ये पुरे. भाजलेले कोकरू किंवा काचोकावाल्लो चीज उत्तम. मटण केलेत तर तिखट निम्मे घाला, कारण एवढ्या मद्यार्काने तिखट अधिकच झोंबते.

मूळ प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. काल बाटली उघडली. बुचाची एक बाजू खालपासून वरपर्यंत जांभळी झाली होती, वास मुरंब्याचा होता आणि जूनमधील ती शेवटची गोडी कुठेच नव्हती. आज सकाळी ऊन चढण्याआधी सान मार्झानोला जाऊन नवी बाटली घेतली आणि ओल्या टॉवेलात गुंडाळून, शेजारच्या सीटवर ठेवून घरी आणली.