बहुमत नेमकं कुठलं धरायचं?

खानापूरचा_पोर:
परीक्षेची तयारी करुलालोय, घटनेचा भाग वाचून डोकं चक्रावलंय. आमच्या गावात जवळजवळ सगळी घरं मराठी, म्हणजे गावात आम्ही बहुमतात, आणि कर्नाटक राज्य धरलं की लगेच अल्पसंख्याक. मग ग्रामसभेनं महाराष्ट्रात जायचा ठराव केला तर त्याला काही किंमत आहे की नाही? काल चहाच्या गाड्यावर यावरून एवढं वाजलं की पैसे द्यायचेपण राहिले.

निपाणीकर_काका:
किंमत शून्य रे बाबा. कलम ३ बघ. सीमा बदलायचा अधिकार संसदेचा, तोपण साध्या बहुमतानं. विधानसभेचं मत नुसतं मागवायचं, ऐकायलाच पाहिजे असं कुठंय. १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं ते असंच. बहुमतच चाललं की, दिल्लीचं!

टिळकवाडीची_ताई:
काका अर्धंच सांगुलालेत. त्याच १९५६ ला सातवी घटनादुरुस्ती झाली, तिनं कलम ३५०क आणलं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून. आणि कलम ३० तर मुळापासनं आहे, आपली शाळा काढायचा नि चालवायचा हक्क, विधानसभेत सगळेच्या सगळे आमदार एका बाजूला झाले तरी तो साध्या कायद्यानं काढून घेता येत नाही. पहिली ते चौथी मातृभाषा नाहीतर कन्नड माध्यमाची सक्ती सुप्रीम कोर्टानं २०१४ ला उडवली, पालकांनी ठरवायचं म्हणाले. त्याचा फायदा इंग्रजी शाळांना झाला, माझा पोरगापण तिथंच जातो, हसू नका.
आणि हो, अल्पसंख्याक कोण ते राज्यावार मोजायचं हे २००२ ला अकरा जजांच्या बेंचनं ठरवलंय. म्हणजे महाराष्ट्रातल्या जत, अक्कलकोटच्या कन्नड शाळांना हेच कलम ३० लागू, तिथं बहुमतवाले आपण. ते आपल्यातले लोक सोयीनं विसरतात.

निपाणीकर_काका:
ते मान्य. पण गंमत बघ, १९७३ च्या केशवानंद भारती केसमध्ये संसदेला घटनेची मूळ चौकट मोडता येत नाही असं ठरलं ते सात विरुद्ध सहा. बहुमताला लगाम घातला, तोपण एका मतानं!

खानापूरचा_पोर:
काका 😀 ताई, पण ३५०क मध्ये राज्यानं 'प्रयत्न' करावा असं लिहिलंय. आमच्या मराठी शाळेत चार वर्गांना एकच मास्तर आहेत. प्रयत्न केला म्हणाले की झालं काय?

टिळकवाडीची_ताई:
तिथंच तर घोडं अडतं. आधी लेखी अर्ज केलाय का कुणी? पोच असेल तर घेऊन ये शनिवारी.