मदत हवी आहे: समाजसुधारकांचा माइंड मॅप कसा काढता?

राज्यसेवेचा अभ्यास करतेय. समाजसुधारकांच्या नोट्स वाचताना सगळं कळतं, पण वही मिटली की सन आणि संस्था एकमेकांत मिसळतात. म्हणून माइंड मॅप काढायला घेतला. मध्यभागी संस्था ठेवल्या: परमहंस सभा १८४९, प्रार्थना समाज १८६७, सार्वजनिक सभा १८७०, सत्यशोधक समाज १८७३. अडतं ते न्यायमूर्ती रानड्यांपाशी. ते प्रार्थना समाजात, सार्वजनिक सभेत आणि १८८७ च्या सामाजिक परिषदेतही. बाणांची इतकी गर्दी होते की काही वाचताच येत नाही. मग मध्यभागी व्यक्ती घ्यावी का? सनांची काळरेषा वेगळ्या पानावर काढता का? उजळणीला कोऱ्या कागदावर आठवून पुन्हा काढणं मला जास्त पटतं, पण वेळ फार जातो. कुणी आपल्या वहीतल्या पानाचा फोटो टाकेल का, प्लीज?