सुनंदाकाकूंचं हृदय उजवीकडे

सुनंदाकाकू (बी-२०४): काल गुडघ्याच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्या करायला गेले होते. एक्स-रे काढणाऱ्या मुलाने छातीचा फोटो दोनदा काढला, मग फिल्म उलटीसुलटी करून बघत बसला. म्हणे, आजी, तुम्ही पाठमोऱ्या उभ्या होतात का? शेवटी सोनोग्राफी झाली. हृदय उजवीकडे, लिव्हर डावीकडे. सगळंच आरशातल्यासारखं. ६१ वर्षं कुणाला पत्ता नाही 🙏

जोशीकाका (ए-१०१): काकू दक्षिणावर्ती निघाल्या! आता दर्शनाला रांग लागणार.

सेक्रेटरी: उद्या १० ते १ पाणी बंद. टाकी धुणार आहेत. बादल्या भरून ठेवा.

मृण्मयी (सी-५०३): काकू, घाबरू नका. साधारण दहा हजारांत एकाचं असं असतं. सगळंच्या सगळं उलट असेल तर बहुतेकांचं काही अडत नाही. खरा घोळ अर्धवट उलटं असलं की होतो, तेव्हा हृदयात दोष सापडतात. रिपोर्टची प्रत मात्र पर्समध्ये ठेवा. उद्या अपेंडिक्स दुखलं तर तुमचं डावीकडे दुखेल.

पाटीलवहिनी (बी-२०१): म्हणून काकू डाव्या हाताने पोळ्या लाटतात का गं?

मृण्मयी: नाही वहिनी, डावखुरेपणाचा याच्याशी संबंध दिसलेला नाही.

अथर्व (सी-३०१): ताई, पण बाळाला कळतं कसं डावं कुठलं?

मृण्मयी: दहावीत असून नेमका प्रश्न विचारलास. डोकं कुठे, पाठ कुठे हे आधी ठरलेलं असतं. डावं-उजवं सांगायला बाहेर काहीच खूण नसते. तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे पाळी चुकल्याचं आईच्या जेमतेम लक्षात येतं तेव्हा, गर्भावर एक बारीक खळगा असतो. त्यातल्या पेशींवर केसांसारखे सिलिया असतात. उंदराच्या गर्भात असे दोन-तीनशे मोजलेत. ते सेकंदाला दहाएक वेळा गरगरा फिरतात आणि खळग्यातलं पाणी डावीकडे ढकलतात. ज्या बाजूला पाणी जातं ती डावी.

अथर्व: गोल फिरलं तर भोवरा होईल ना? एकाच बाजूला कसं जाईल?

मृण्मयी: मला हे समजायला एमएस्सी करावी लागली 😄 केस सरळ उभा नसतो, शेपटीकडे कललेला असतो. त्यामुळे अर्ध्या फेरीत तो उंचावरून जातो आणि अर्ध्या फेरीत जमिनीला घासून. उंचावर असताना पाणी मोकळेपणी ढकलतो, ती दिशा डावीकडची. परतताना जमिनीजवळचं पाणी चिकटून बसतं, हलत नाही. आणि सगळे केस घड्याळाच्याच दिशेने फिरतात, कारण त्यांना फिरवणारी प्रथिनंच एका हाताची, म्हणजे एकाच बाजूला वळलेली असतात. मग डावीकडच्या पेशींत नोडल नावाचं जनुक जागं होतं, पुढे पिटएक्स-२, आणि हृदयाची नळी कुठे वळायची ते ठरतं.

देशमुख (ए-३०२): हे कुणी बघितलंय की नुसता अंदाज?

मृण्मयी: बघितलंय. १९९८ मध्ये टोकियोत हिरोकावांच्या प्रयोगशाळेत उंदरांचं एक जनुक काढलं, सिलियाच उगवले नाहीत, आणि गर्भांचं डावं-उजवं कसंही ठरलं. २००२ मध्ये नोनाका आणि हमादा यांनी तर चांगल्या गर्भांवर पंपाने उलटा प्रवाह सोडला. अवयव उलटे! (कोंबडीत मात्र हे फिरणारे केस नसतात, तिथे पेशीच डावीकडे सरकतात. निसर्गाने एकच पद्धत ठेवली असती तर माझी पीएचडी लवकर संपली असती.)

जोशीकाका: आणि माझा दक्षिणावर्ती शंख? तीर्थक्षेत्री भरपूर मोजून घेतलाय.

मृण्मयी: काका, आपल्याकडचा खरा शंख लाखांत एखादाच तसा असतो. बाजारात बरेचदा अमेरिकेच्या समुद्रातली, मुळातच तशी वळणारी वेगळी जात विकतात. तुमचा कुठला ते फोटोवरून सांगत नाही, पूजेत ठेवलाय तर राहू दे.

जोशीकाका: 😐

मृण्मयी: काकू, एक विचारू? सर्दी-खोकला फार होतो का तुम्हाला?

सुनंदाकाकू: लहानपणापासून. नाक कधी कोरडं माहीत नाही. सासूबाई कफप्रकृती म्हणायच्या. आमच्या दादालाही अगदी तस्साच खोकला. पण त्याची मागच्या वर्षी बायपास झाली, त्याचं हृदय डावीकडेच होतं हो.

जोशीकाका: मग दादा सुटले.

मृण्मयी: नाही काका, तिथेच गंमत आहे. नाकात आणि श्वासनळीत कफ वर ढकलणारे केस याच घराण्यातले. त्यांची मोटर जन्मतः बिघडलेली असेल तर कफ साचतो. आणि गर्भात प्रवाह नसला की अवयव उलटेच होतात असं नाही, छापा-काटा होतो. अशा रुग्णांत साधारण निम्म्यांचं उलट असतं, निम्म्यांचं नेहमीसारखं. सायनस, फुप्फुसं आणि उलटे अवयव हे त्रिकूट झुरिचच्या कार्टागेनरनी १९३३ मध्ये मांडलं, पण धागा केसांचा आहे हे अफझेलियसनी १९७६ मध्ये दाखवलं. बहीणभावात एकाला छापा, एकाला काटा पडू शकतो.

डॉ. शिल्पा (ए-४०२): ग्रुपवर निदान नको, पण मृण्मयीचं बरोबर आहे. काकू, ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना या खोकल्याबद्दल नक्की सांगा आणि छातीच्या डॉक्टरांना दाखवा. भावालाही.

सुनंदाकाकू: दादाला आत्ताच फोन लावते. सगळे त्याला चोरून सिगारेट ओढतो म्हणतात. वहिनी तर अजून खिसे तपासते. आयुष्यात कधी ओढली नाही हो त्याने.